पण कोणाचा?

जुगार हे व्यसन आहे आणि व्यसन वाईट, एवढे सांगून आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी हा विषय कायमचा मिटविला होता. पत्ते माजघरात येत ते दिवाळीच्या चार दिवसांपुरते. त्यांतही झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन यांपलीकडे कोणाची मजल जात नसे, आणि पैजा लागल्याच तर त्या चिंचोक्यांच्या. पैशांचे तीनपानी खेळणारा मनुष्य एखाद्या कुटुंबात निघालाच, तर त्याचे नाव हलक्या आवाजात घेतले जाई. प्रश्न मिटलेला होता याचा अर्थ तो सुटलेला होता असा मात्र नव्हे. आणि मिटलेला प्रश्न कधी तरी पुन्हा उघडावाच लागतो. आमच्यावर ती वेळ गेल्या दिवाळीत आली.

ज्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे आणि ज्याला खेड्यापाड्यांतील लोक अद्यापि नुसते 'नगर' म्हणतात, त्याच्या पूर्वेकडील पाथर्डी तालुक्यात आमच्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब आहे. जमीन बेताची, विहीर उन्हाळ्यात तळ दाखविणारी, पीक बाजरी, तूर आणि साधली तर रब्बीची ज्वारी. थोरला मुलगा पुण्यास शिकला, इंजिनियर झाला, मिळवता झाला. दिवाळीस घरी आला असता बोलण्याच्या ओघात असे निघाले की, तो दर शनिवारी तीन-चार मित्रांबरोबर पैसे लावून पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतो. वडील हातातले काम टाकून म्हणाले, "अरे, घामाचा पैसा पत्त्यांवर लावतोस? आपल्या घरात आजवर कोणी जुगार खेळले नाही." मुलाने आवाज न चढवता उत्तर दिले, "अण्णा, रागावू नका. पण जुगार तुम्ही खेळता. मी हिशेब करतो. यंदा मृगात तुम्ही बाजरी पेरली, पावसाने दडी मारली, बी करपले, आर्द्रात पुन्हा पेरले. पाऊस येण्याचा संभव किती, आणि आला तर हाती किती लागणार, हे तुम्ही मांडले होते काय? मी मांडल्याशिवाय एक रुपया पुढे सरकवत नाही."

वडील गप्प राहिले. मग दोघांनीही आमच्याकडे पाहिले. "काका, तुम्हीच सांगा," असे मुलगा म्हणाला. आम्ही चहाचा पेला तोंडाला लावून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी द्यावयाच्या राहिलेल्या उत्तराची भरपाई आहे.

प्रथम मुलाचा पक्ष त्याच्याच शब्दांत नीट समजून घेतला पाहिजे; कारण ज्या गोष्टीची आपणांस माहिती नाही तिचा निषेध करणे सोपे असले तरी न्याय्य नसते. पोकरच्या ज्या प्रकाराचा आज सर्वत्र प्रसार आहे, त्यात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात. नंतर सर्वांसाठी मिळून पाच पाने मध्ये उघडी मांडली जातात. आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावावयाचे, किंवा पाने टाकून उठावयाचे. मध्ये जो ढीग साचतो त्यास आपण डावाची रक्कम म्हणू.

आता असे समजा की, आपल्या हाती दोन बदाम आहेत, मध्ये उघडलेल्या चार पानांत आणखी दोन बदाम आहेत, आणि एकच पान उलगडावयाचे राहिले आहे. तेही बदाम निघाले तर पाच पाने एकरंगी होऊन डाव आपला. न निघाले तर प्रतिपक्षाचा. बावन्नांपैकी ६ पाने आपण पाहिली. ४६ न पाहिलेली राहिली. तेरा बदामांपैकी ४ दिसले; ९ उरले. म्हणजे ४६ वाटांपैकी ९ वाटा आपल्या, ३७ विरुद्ध. शंभरात सुमारे साडेएकोणीस. येथवर हिशेब अर्धाच झाला. प्रतिपक्षाने १०० रुपये लावले आहेत आणि त्याचे धरून डावाची रक्कम ३०० झाली आहे. पुढचे पान पाहावयाचे तर आपणही १०० लावले पाहिजेत. असा प्रसंग ४६ वेळा आला, तर ९ वेळा ३०० प्रमाणे २,७०० मिळतील आणि ३७ वेळा १०० प्रमाणे ३,७०० जातील. हजार रुपयांची खोट; तेव्हा पाने टाकून द्यावी. तीच पाने, तोच संभव, पण डावाची रक्कम ३०० ऐवजी ५०० असेल, तर मिळकत ४,५०० आणि खोट ३,७००, आठशेंचा लाभ, तेव्हा पैसे लावावे. पाने तीच असता एका वेळी उठणे शहाणपणाचे आणि दुसऱ्या वेळी बसणे शहाणपणाचे, ही गोष्ट भाबड्या खेळाडूस कळत नाही. तो आपल्या हातातील चार बदामांकडेच पाहत राहतो.

या गणितात एक खोल शिकवण आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. आधीच्या टप्प्यांत आपण जे पैसे टाकले ते आता आपले नव्हेत; ते डावाचे झाले. 'इतके घातले, आता मागे कसे फिरावे?' या एका वाक्याने जगात जेवढी घरे बुडाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने बुडाली असतील. वाद हरत चालला असता वकील बदलून वरच्या न्यायालयात जाणारा, कोरड्या विहिरीत आणखी दोन परस खोदणारा, खोट्या प्रतिष्ठेपायी लग्नाचा खर्च वाढवीत नेणारा, या सर्वांस हा पत्त्यांचा हिशेब चार शहाणपणाच्या गोष्टी सांगू शकेल. शिवाय हा हिशेब मनुष्यास फळाकडून निर्णयाकडे वळवितो: निर्णय बरोबर असूनही डाव हरता येतो, आणि चूक असूनही जिंकता येतो. हे ज्याला उमगले तो जिंकल्याने फुगत नाही आणि हरल्याने खचत नाही.

तसेच, या विद्येचा वंशवृक्षही हलका नाही. सोळाव्या शतकातील कार्दानो हा इटालियन वैद्य व गणिती स्वतः जुगारी होता आणि त्याने फाशांच्या खेळावर ग्रंथ लिहिला. पुढे १६५४ मध्ये पास्काल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला तो अशा प्रश्नावर की, खेळ अर्ध्यावर मोडला तर पणाची रक्कम दोघांत कशी वाटावी. संभाव्यतेचे आधुनिक शास्त्र येथून सुरू झाले असे मानतात. परंतु आमच्या वाचकांस याहून जुनी एक कथा ठाऊक आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक नावाने अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याच्याकडे सारथी होऊन राहिला असता, वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगितली. दोन शाखांवर मिळून फळे दोन हजार पंचाण्णव, असा त्याचा आकडा होता. नलाने रथ थांबवून फळे मोजली, तो आकडा बरोबर. ही विद्या म्हणजेच अक्षहृदय, फाशांचे मर्म. त्याच बेहड्याच्या फळांचे फासे प्राचीन काळी वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथाकाराने झाड कोणते निवडले यातील औचित्य कळून येते. संख्येचे ज्ञान आणि फाशांचे ज्ञान ही मुळात एकच, हे महाभारतकारांनी केव्हाच ओळखले होते.

तेव्हा 'हिशेब करणे म्हणजे जुगार' असे म्हणता येत नाही. परंतु त्यावरून 'हिशेब केला म्हणजे जुगार उरत नाही' असे तरी म्हणता येते काय? आमच्या कायद्याची सारी धडपड याच प्रश्नाभोवती चालली आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली असे म्हटले की, रमीत पाने लक्षात ठेवणे व लावणे यांचे कौशल्य प्रधान असल्यामुळे ती जुगार नव्हे, परंतु तीन पानांचा खेळ हा निव्वळ दैवाचा. पोकरच्या बाबतीत गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली तो जुगारच ठरविला. आणि २०२५ च्या ऑगस्टात संसदेने जो कायदा केला, त्याने इंटरनेटवरून पैसे लावून खेळावयाच्या खेळांपुरता कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूस सारला. खेळ कोणत्याही जातीचा असो, पैसे लावून तो चालविण्यास बंदी. इकडे गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवर परवान्याने द्यूत चालते. एका राज्यात जे उत्पन्नाचे साधन ते दुसऱ्या राज्यात अपराध, हे पाहिले म्हणजे नीतीच्या प्रश्नाचा निकाल कायद्याच्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही, हे कळून येते.

आमच्या मते कायद्याने विचारलेला प्रश्न, म्हणजे कौशल्य अधिक की दैव अधिक, हा सोयीचा असला तरी मूळ प्रश्न नव्हे. कौशल्य कमी असले म्हणून कृत्य वाईट होत नाही आणि अधिक असले म्हणून चांगले होत नाही. खिसेकापूच्या बोटांत कौशल्य थोडे नसते. आणि दैवाचा भाग हाच दोष मानावयाचा तर त्या मुलाचे म्हणणे बिनतोड आहे. पाथर्डी-जामखेडच्या शेतकऱ्याहून मोठा जुगारी कोण? याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुक्यात, कळसूबाई-रतनगडाच्या अंगाला, पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो डोंगर ओलांडून पूर्वेस यावे तसतसा तो आटत जाऊन पाचशेच्या आसपास येतो, आणि तोही कधी मृगात, कधी हस्तात, कधी मुळीच नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अद्याप आहेत. गंमत अशी की, आम्ही वर उल्लेखिलेल्या १८८७ च्या कायद्यात पाऊस पडेल की नाही यावर लावलेल्या पैजांचाही विचार केलेला आहे. मुंबईत बसून पावसावर पैज लावणारा अपराधी. आणि सारे बियाणे मातीत टाकून आभाळाकडे पाहणारा मात्र अन्नदाता! हा भेद नुसता भावनेचा आहे की त्यास काही आधार आहे?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. सर्वस्व गमावलेल्या त्या मनुष्यास शेवटी असा उपदेश केला आहे की, फासे टाकून दे आणि आपले शेत कस. म्हणजे शेती व द्यूत ही एकमेकांच्या विरुद्ध टोकांस ठेवण्याची परंपरा आमच्याकडे फार जुनी आहे. ती का, याची आम्हांस तीन कारणे दिसतात. आणि आम्ही ती येथे मांडतो ती मुलास हरविण्यासाठी नव्हे.

पहिले कारण असे की, डावाची रक्कम कोठून आली हे पाहिले पाहिजे. चौघांनी मिळून चार हजार रुपये मांडले तर रात्रीच्या शेवटी ते चार हजारच असतात. जागा देणाऱ्याने आपला हिस्सा कापून घेतला तर त्याहून कमी. एकाचे जे वाढले ते दुसऱ्याचेच गेले. याच्या उलट, शेतकऱ्याने शेरभर बी टाकले आणि मणभर धान्य आले तर ते कोणाच्या कणगीतून आलेले नसते. त्याचे दान पडले म्हणजे जगात भाकरी वाढते. ही गोष्ट हिशेबी खेळाडूस अधिकच लागू पडते. चौघेही सारखेच हिशेबी असतील तर दीर्घ काळात कोणासही काही मिळावयाचे नाही. त्याची मिळकत उभी राहते ती समोरच्याच्या अज्ञानावर. त्याला ४६ पैकी ९ हे ठाऊक असण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, समोरच्याला ते ठाऊक नसणे आवश्यक असते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना छळणाऱ्यांमध्ये द्यूत मी असे म्हटले आहे. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशास, शके १२१२ मध्ये त्या वचनावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी द्यूतास चव्हाट्यावर उघडपणे चालणारी आणि तरीही कोणास निवारता न येणारी चोरी या अर्थाने ओळखले आहे. 'उघडपणे' या विशेषणात सारे मर्म आहे. लुटला जाणारा स्वतःच्या संमतीने लुटला जातो; म्हणून न लुटणाऱ्याला बोल लावता येतो, न लुटल्या गेलेल्याला दाद मागता येते.

दुसरे कारण हिशेबाच्याच पोटातले आहे. वरचा आकडा खरा होतो तो ४६ वेळा बसले असता. पण माणसाला ४६ आयुष्ये नसतात. समजा, एखादा डाव असा आहे की त्यात शंभरांत साठ वेळा रक्कम दुप्पट होते व चाळीस वेळा जाते. हिशेबाने हा डाव सोडू नये इतका चांगला. परंतु जो मनुष्य दर वेळी आपल्या जवळचे सर्व पुढे सरकवील तो पाच डावांनंतर शंभरांत आठ वेळाही उभा नसेल. दहा डावांनंतर दोनशेंत जेमतेम एकदा. प्रत्येक पाऊल बरोबर, आणि शेवट सर्वनाश! म्हणून जाणत्या खेळाडूंत नियम असा की, जवळच्या रकमेचा लहानसा अंशच एका वेळी डावावर लावावा. हा नियम त्या मुलास ठाऊक होता आणि तो पाळतही होता. परंतु त्याने वडिलांस जे हिणविले त्यात एक अन्याय होता. त्याच्या वडिलांपाशी एकच जमीन, एकच मृग, एकच बियाण्याचे पोते. लहानसा अंश लावण्याची चैन ज्याला परवडते त्यालाच हिशेब पावतो. ज्याला सर्वच लावल्याशिवाय गत्यंतर नाही त्याच्या धाडसास जुगार म्हणणे, म्हणजे उपाशी माणसाच्या उपासास एकादशी म्हणण्यासारखे आहे.

हीच विद्या उलट दिशेने चालविता येते, हे येथे सांगितले पाहिजे. वि. म. दांडेकर यांनी पीकविम्यासाठी अशी पद्धत पुरस्कारिली की, एकेका शेताचे नुकसान न मोजता एका भागातील निवडक शेतांत कापणी करून उत्पन्न अजमावावे आणि त्यावरून साऱ्या भागाचा निर्णय करावा. दोन शाखांवरून झाड जाणणाऱ्या ऋतुपर्णाचीच ही रीत. विमा म्हणजे अनेकांनी थोडे गमावून एकाचे बुडणे वाचविणे. डाव म्हणजे अनेकांनी थोडे थोडे गमावून एकाचे घर भरणे. विम्याची रक्कम वेळेवर पदरात पडते की नाही याविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, आणि त्या पुष्कळ अंशी खऱ्याही आहेत. परंतु गणित एकच असता त्याची दिशा बदलली की त्याचे नैतिक मोल कसे पालटते, हे त्यावरून दिसते.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. पण कोणाचा? युधिष्ठिराच्या द्यूताविषयी आपण बहुधा म्हणतो की, शकुनीचे फासे कपटाचे होते, किंवा युधिष्ठिरास खेळ येत नव्हता. म्हणजे त्यास अक्षहृदय येत असते तर सारे ठीक झाले असते, असा त्याचा अर्थ होतो. परंतु भरसभेत द्रौपदीने जो प्रश्न विचारला तो फाशांविषयी नव्हता. राजाने आधी कोणास हरविले, स्वतःस की मला, हा तिचा प्रश्न. तो मालकीचा प्रश्न आहे. जो स्वतःचाच उरला नाही तो दुसऱ्यास पणाला कसा लावील? सभेतील एकाही ज्ञात्यास याचे धड उत्तर देता आले नाही.

आणि नलाचे काय? येथे कथेतील एक बारीक गोष्ट आमच्या वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. पहिल्या द्यूतात, कलीने झपाटलेला असताना, सर्व गमावल्यावर पुष्कराने त्यास सुचविले की, आता दमयंती तेवढी उरली, तिला लाव. तेव्हा नलाचे हृदय फाटले. तो काही न बोलता अंगावरचे अलंकार उतरवून एका वस्त्रानिशी निघून गेला. पुढे अक्षहृदय मिळाले, कली निघून गेला, तो पुष्कराकडे परतला. आणि या वेळी आपण होऊन म्हणाला की, दमयंती आणि मी मिळविलेले सर्व धन हा माझा पण. अज्ञानी नलास जे करवले नाही ते ज्ञानी नलाने सहज केले! तो जिंकला, त्याने पुष्करास क्षमा केली, त्याचा वाटा त्यास परत दिला. त्याच्या औदार्याविषयी शंका नाही. परंतु डाव हातचा आहे हे ठाऊक झाल्याबरोबर पणाला काय लावू नये याची जाणीव कशी बोथट होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. हिशेब येऊ लागला म्हणजे मनुष्य 'किती संभव आहे' एवढेच विचारतो. 'हे माझे आहे काय' असे विचारणे सोडून देतो. अजाण जुगाऱ्यास निदान भय तरी असते. जाणत्यास ते उरत नाही.

ही कसोटी केवळ मुलासाठी नाही. ती लावावयाची तर प्रामाणिकपणे वडिलांनाही लावली पाहिजे. आणि येथे आमचा निवाडा त्यांच्या मनासारखा होणार नाही. बायकोची पोत गहाण ठेवून खोदलेली कूपनलिका, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेल्या पैशांतून घेतलेले महाग बियाणे, शेजाऱ्याच्या विहिरीखालून उपसलेले पाणी. यांतले किती त्यांचे स्वतःचे होते? शेती हे पुण्यकर्म म्हणून तिच्यासाठी लावलेला प्रत्येक पण आपोआप पुनीत होत नाही. जमिनीखालचे पाणी तर गावाचे, आणि अद्याप जन्मास न आलेल्यांचेही. आज चार फूट खोल जाऊन उसाचे एक पीक काढणारा मनुष्य आपल्या नातवास न विचारता त्याचा पण लावीत असतो. आणि तो नातू द्रौपदीप्रमाणे सभेत उभा राहून प्रश्नही विचारू शकत नाही.

याच जिल्ह्यात एका गावाने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र दिली आहेत. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पाऊस बहुधा चारशे मिलिमीटरांच्या आसपास. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याहून आम्हांस महत्त्वाचे वाटते ते असे की, गाव दर वर्षी पडलेला पाऊस मोजते, पाणी किती मुरले याचा अंदाज करते, आधी पिण्याचे पाणी बाजूस काढते, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके किती घ्यावी हे ग्रामसभेत ठरविते. ऊस आणि केळी यांस मनाई. सिंचनासाठी कूपनलिका खोदण्यास मनाई. हा हिशेब त्या मुलाच्या हिशेबाहून कमी काटेकोर नाही. हातात काय आहे, यावयाचे काय आहे, लावावे किती, उठावे केव्हा, हे सर्व त्यात आहे. पण त्याच्या आरंभी एक ओळ आहे जी पत्त्यांच्या हिशेबात कोठेच नसते: अमुक इतके पणाला लावावयाचेच नाही. पिण्याचे पाणी डावाबाहेर. संभव कितीही अनुकूल दिसो, ते लावावयाचे नाही, कारण ते एकट्याचे नव्हे.

तेव्हा दिवाळीच्या त्या दिवशी आम्ही काय सांगावयास हवे होते? मुलास असे: तुझा हिशेब बरोबर आहे आणि तो तू शिकलास हे चांगले झाले. तू लावतोस ते तुझे आहे, आणि ते गेले तरी घरची चूल पेटेल, हेही आम्ही मान्य करतो. परंतु समोर बसलेल्याने जे लावले ते त्याचे आहे काय, हे तुला ठाऊक आहे काय? ते त्याच्या मुलाच्या शाळेचे पैसे असतील, घरभाड्याचे असतील. तुझ्या कोष्टकात त्याच्या हातातल्या पानांसाठी रकाना आहे. त्याच्या घरासाठी नाही. ज्याच्याविषयी हा रकाना भरता येतो अशा मित्रांत, चिंचोक्यांच्या मोलाने खेळ. त्याला आम्ही जुगार म्हणणार नाही. ज्याच्याविषयी तो भरता येत नाही त्याच्याशी जिंकलास, तर तुझे गणित खरे ठरेल. तेवढ्याने तुझा पैसा स्वच्छ ठरणार नाही.

आणि वडिलांस असे: मुलाच्या बोलण्यातील तिखटपणा सोडून द्या, पण त्यातील सत्य सोडू नका. यंदा पेरणीपूर्वी त्याला जवळ बसवा. तालुक्यातील मागच्या वर्षांच्या पावसाचे आकडे त्याला काढू द्या. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर दुसरा येईपर्यंत किती दिवस जातात ते त्याला मोजू द्या. वाफसा कसा ओळखावा हे तुम्ही त्याला शिकवा. संभव कसा मांडावा हे तो तुम्हांस शिकवील.

हे सर्व आम्ही पुढे त्यांस पत्राने कळविले. मुलाचे उत्तर अद्याप आलेले नाही. वडिलांचे आले, चारच ओळींचे. मुलाविषयी त्यात एक अक्षर नव्हते. शेवटी एवढेच विचारले होते की, सगळे बी एकदम काढू नये असे तुमचे म्हणणे दिसते, तर मग घरात ठेवावे तरी किती? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. ते देण्यास त्या मुलाहून अधिक योग्य मनुष्यही आम्हांस दिसत नाही. म्हणून ते पत्र आम्ही जसेच्या तसे पुण्यास त्याच्याकडे पाठवून दिले आहे.